इयत्ता तिसरी : आपली मुले काय शिकतात?

महाविद्यालयात शिकविणाऱ्या माणसाने प्राथमिक शाळेतल्या तिसऱ्या इयत्तेवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. म्हणून कारण आधी सांगतो. बी. ए.च्या पहिल्या वर्षाला मी मराठी शिकवितो. माझ्या वर्गातली बरीच मुले वस्त्यांतून, तांड्यांवरून येतात. घरात शिकणारी ती पहिलीच असतात, जसा मी होतो. वर्षाच्या आरंभी मी त्यांना एक साधे काम देतो : आपल्या गावाविषयी दहा ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा. कागद हाती आले की दर वर्षी तेच दिसते. माझे गाव निसर्गरम्य आहे, गावातले लोक गुण्यागोविंदाने राहतात, सकाळी पक्ष्यांचा किलबिलाट असतो. गाईडातल्या निबंधातले गाव. त्यात ओढ्यापलीकडची वस्ती नसते, ऊसतोड नसते, टँकर नसतो. हीच मुले चहाच्या टपरीवर सोसायटीच्या निवडणुकीविषयी बोलू लागली की इतके नेमके बोलतात की मी ऐकत राहतो. मग कागदावर येताना हे सारे कुठे गळून पडते? याचा माग काढत मी मागे मागे गेलो, तो दहावीत थांबला नाही, सातवीत थांबला नाही. तिसरीत जाऊन थांबला.

तिसरीकडे आपल्या चळवळीचे लक्ष फारसे गेलेले नाही. दहावी-बारावीच्या निकालानंतर आपण गुणवंतांचे सत्कार करतो, शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढतो, वसतिगृहांच्या जागांसाठी भांडतो. ते सर्व केलेच पाहिजे. पण तिथवर जे पोचतात त्यांच्यासाठीच ते आहे. जे पोचत नाहीत ते कुठे थांबतात, याचा हिशोब बाबासाहेबांनी फार पूर्वी मांडला होता. मार्च १९२७ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच महिन्यात, मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. प्राथमिक शाळेत पाऊल टाकलेले मूल जन्मभर साक्षर राहील अशा टप्प्यावर पोचल्यावरच बाहेर पडले पाहिजे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी सांगितला आणि मग आकडे ठेवले : शाळेत येणाऱ्या दर शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. (त्याच भाषणात त्यांनी सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हेही दाखवून दिले होते.) चौथीला पोचणे ही त्यांची मोजपट्टी होती. चौथीचे दार तिसरीतून उघडते.

तिसरीत असे काय असते? पहिली-दुसरीत मूल अक्षरे शिकते. पुस्तकातली अक्षरे मोठी, चित्रे मोठी, गाणी आणि गोष्टी तोंडपाठ होण्यासारख्या. न वाचताही मूल पान ओळखते आणि बाईंच्या मागे म्हणते. वाचता येते असे सगळ्यांना वाटते, त्यालाही वाटते. तिसरीत हे झाकलेले उघडे पडते. पानावर परिच्छेद येतात, जोडाक्षरे येतात, खाली प्रश्न येतात आणि 'का' ने सुरू होणारे प्रश्न येतात. आतापर्यंत मूल वाचायला शिकत होते. आता वाचून शिकावयाचे असते. गणितात तीन अंकी संख्या, हातच्याच्या बेरजा-वजाबाक्या, पाढे, गुणाकार आणि शाब्दिक उदाहरणे. परिसर अभ्यासात घर, पाणी, अन्न, दिशा, नकाशा, गाव, जिल्हा. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात खेड्यातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी आहे : मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. मोडी सोडली तर ही जवळजवळ आजची तिसरी-चौथीच आहे. म्हणजे पाठ्यक्रम आपल्याला नवा नाही. प्रश्न तो कोणाच्या घराकडे तोंड करून शिकविला जातो हा आहे.

भाषेपासून सुरुवात करतो, कारण मला तिथेच पहिली ठेच लागली. मी तिसरीत होतो तेव्हा, १९९६ साली, जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेत परीक्षेला प्रश्न आला होता : सकाळी तुमच्या घरी काय काय चालते ते तुमच्या शब्दांत लिहा. मी लिहिले, माय पानी आनती, बा बैलं सोडतो, मी बकरीला पाला टाकतो. वही परत आली तेव्हा 'पानी' आणि 'आनती' भोवती तांबडी वर्तुळे होती. ते एक वेळ ठीक. पण 'माय' वर काट मारून वर 'आई' लिहिले होते आणि 'बा' च्या जागी 'बाबा'. न-ण चा फरक दाखविणे हे शिक्षकाचे कामच आहे. 'माय' ही मात्र चूक नव्हती. ती माझी माय होती. पुढच्या परीक्षेत हाच प्रश्न आला तेव्हा मी शहाणा झालो होतो. पुस्तकात वाचल्याप्रमाणे लिहिले : आई मला दूध देते, बाबा वर्तमानपत्र वाचतात. आमच्या घरात दूध चहापुरतेही नसे आणि बाला अक्षरओळख नव्हती. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

मी हे गमतीने सांगत नाही. आठ वर्षांच्या पोराने त्या दिवशी जे शिकले ते असे की 'तुमच्या शब्दांत' याचा अर्थ 'त्यांच्या शब्दांत' असा असतो. माझ्या बी. ए.च्या मुलांचे निसर्गरम्य गाव तिथूनच येते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'ण' च्या जागी 'न' म्हणणे ही काही एका जातीची बोली नाही. वऱ्हाडात, मराठवाड्यात कुणब्याच्या घरीही पानी-लोनीच असते. गावच्या पाटलाचा पोरगाही 'पानी' च लिहीत असे. त्याच्याही वहीत वर्तुळ पडे. पण त्याला कोणी म्हणत नसे की तुमच्या लोकांना 'ण' येतच नाही. आम्हाला म्हणत. त्याची चूक त्याची एकट्याची असे, आमची चूक सगळ्या वस्तीची. शुद्धलेखन शिकविताना असे दोन धडे एकाच खडूने दिले जातात.

म्हणून प्रमाणभाषा नकोच असे म्हणणाऱ्या आपल्या मित्रांशी माझे जमत नाही. कोर्टाचा कागद, नोकरीचा अर्ज, तलाठ्याची नोटीस यांपैकी काहीही माझ्या मायच्या बोलीत येत नाही. ती भाषा आपल्या मुलाला आली पाहिजे, आणि चांगली आली पाहिजे. पण दुसरी भाषा शिकविताना पहिली मोडावी लागत नाही. फळ्यावर एका बाजूला 'माय' आणि दुसऱ्या बाजूला 'आई' लिहून दोन्ही शब्द आहेत, हा घरचा आणि हा पुस्तकातला, एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. असे सांगणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्या वर्गातली मुले पुस्तकातला शब्द लवकर उचलतात, कारण तो उचलताना त्यांना आपला शब्द लपवावा लागत नाही.

आता नकाशा. दिशा आणि नकाशा हा तिसरीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा धडा. आपण जिथे उभे आहोत ती जागा वरून, लांबून पाहता येते ही कल्पना मुलाला पहिल्यांदा इथे भेटते. आमच्या गुरुजींनी तो धडा पुस्तकातून न शिकविता फळ्यावर शिकविला. वरची बाजू उत्तर. मध्ये शाळा, पूर्वेला मारुतीचे देऊळ, त्याला लागून चावडी, पश्चिमेला एस. टी. चा थांबा, पाटलाची विहीर आणि खाली दक्षिणेला एक नागमोडी रेघ, ओढा. ओढा काढून झाल्यावर त्यांनी हात झटकले. आमची घरे ओढ्याच्या पलीकडे होती. मी विचारले, गुरुजी, आमचं घर? गुरुजी वाईट माणूस नव्हते. पुढे हायस्कूलला जाण्यासाठी त्यांनीच माझ्या बाची समजूत काढली. ते हसून म्हणाले, अरे, फळा संपला. वर्ग हसला, मीही हसलो. मग आम्ही सगळ्यांनी तो नकाशा वहीत उतरवून घेतला. माझी वही मोठी होती, ओढ्याखाली चार बोटे कागद कोरा होता. त्या कोऱ्या जागेत मी काही काढले नाही.

पुढे कधीतरी कामासाठी तलाठी कार्यालयात गावचा जुना नकाशा पाहावयास मिळाला. गावठाणाची रेघ ओढ्याच्या अलीकडेच वळली होती. म्हणजे गुरुजींचा फळा त्या दिवशी संपला नव्हता. तो फार पूर्वीच तिथे संपविलेला होता, आणि गुरुजींच्या हाताला त्याची सवय होती.

२०१४ साली तिसरीचे परिसर अभ्यासाचे जे पुस्तक आले ते माझ्या वेळच्या पुस्तकापेक्षा पुष्कळच चांगले, हे मान्य केले पाहिजे. निवारा, पाण्याची गरज, पाणी येते कोठून, समूहजीवन, आपल्या गरजा कोण पुरवितात, असे विषय त्यात घेतले गेले. मुलाने आजूबाजूला पाहावे, विचारावे, अशी त्याची रीत. पण याच विषयांतून शिक्षक दोन वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतो. पाणी ढगातून येते, नदीतून येते, नळातून येते, इथे तो थांबू शकतो. किंवा आपल्या गावात नळाचे पाणी आधी कोणत्या गल्लीत येते आणि शेवटी कोणत्या, हे मुलांनाच मोजून आणावयास सांगू शकतो. गरजा कोण पुरवितात या धड्यात शेतकरी येतो, दुकानदार येतो. गटार कोण काढतो, मेलेले जनावर कोण ओढतो, हे मुलाला आडनावांसह ठाऊक असते. ते वर्गात बोलले जाते की नाही, यावर त्या धड्याची किंमत ठरते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली हे बरेच झाले. ओढ्यापलीकडे समता नगर असे वर्गातल्या नकाशात कोणी लिहिते का, हे मात्र जाऊन पाहावे लागेल.

गणिताविषयी थोडक्यात. तिसरीच्या गणिताला आपले सुशिक्षित लोक किरकोळ समजतात. मी समजत नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर माय-बाबरोबर मी ऊसतोडीला गेलो. बाची टायरगाडी होती. प्रत्येक खेपेला कारखान्याच्या काट्यावर वजनाची पावती मिळे आणि मुकादम आपल्या वहीत खेप मांडी. बा पावत्या एका फडक्यात बांधून ठेवी, वाचता येत नव्हत्या तरी. एका रात्री मी त्या तारखेप्रमाणे लावल्या आणि मोजल्या. मुकादमाच्या वहीपेक्षा दोन जास्त भरल्या. मग प्रत्येक पावतीवरचे वजन मांडून बेरीज केली. हातचे धरून, जमिनीवर काडीने. बाने ती तीनदा करावयास लावली. दुसऱ्या दिवशी तो मुकादमाशी काय बोलला मला माहीत नाही, पण दोन खेपा वहीत चढल्या. उचल फिटण्याच्या दृष्टीने तो थेंबच होता. पण ज्या बेरजेने तो मिळाला ती तिसरीची बेरीज होती. फुल्यांनी १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकात जोश्याने नाडलेले कुणबी जोडपे शेवटी रात्रीच्या शाळेत जावयाचे ठरविते, त्यामागचा विचार हाच आहे. फसवणूक अक्षरांतून आणि अंकांतून होते, म्हणून अक्षरे आणि अंक आपल्या हाती हवेत.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिवाळीनंतर मी गेलो तो ऊस संपल्यावर परतलो. निम्मी तिसरी बुडाली. गुणाकार मला पुढे चौथीत चोरून, दुसऱ्यांच्या वह्या पाहून शिकावा लागला. मुलांना गावी ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना नंतर आली. जिथे ती नीट चालते तिथे मुले टिकतात. पण आठव्या वर्षी मूल कामाचे होते, ही खरी अडचण आहे. तिसरीतली मुलगी धाकट्याला काखेत घेऊ शकते, चूल पेटवू शकते. मुलींनी शाळेत यावे म्हणून १९९२ साली दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. तीस वर्षांनीही तो एक रुपयाच राहिला होता. मायची एक दिवसाची मजुरी आणि हा रुपया यांची वजाबाकी तिसरीतल्या मुलीला करता येते.

१९२७ चे ते ब्याऐंशी आज कुठे आहेत? वरवर पाहिले तर ते नाहीसे झाले आहेत. पटावर सर्व मुले आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो २०१० पासून लागू झाला, आठवीपर्यंत कोणाला वर्गात मागे ठेवावयाचे नाही असे ठरले. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीला परीक्षा आल्या, तिसरी मात्र मोकळीच आहे. पण 'असर' चा २०२४ चा ग्रामीण भागाचा अहवाल पाहावा. देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी २७.१ टक्के, सरकारी शाळांत २३.४ टक्के. वजाबाकी जमणारी तिसरीतली मुले ३३.७ टक्के. म्हणजे दर चार मुलांतली जवळजवळ तीन तिसरीत बसलेली आहेत, पण तिसरी त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. त्या काळी ब्याऐंशी मुले शाळेच्या बाहेर पडत. आता ती शाळेच्या आतच मागे पडतात, आणि हजेरीपत्रकावर प पडत राहतो. बाहेर पडलेले मूल निदान दिसे. हे दिसत नाही.

यावर पुन्हा नापास करा असे म्हणणारे आपल्यातही आहेत. मला ते पटत नाही. नापास झालेले मूल दुसऱ्या वर्षी तेच पुस्तक त्याच रीतीने पुन्हा ऐकते, आणि आपल्या घरांत नापास मुलीचे पुढे काय होते हे सांगावयास नको. मुळाशी जावे लागेल. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. म्हणजे बहुतेक खेड्यांत तिसरी आणि चौथी एका खोलीत, एका शिक्षकाकडे. आणि त्या शिक्षकाच्या डोक्यावर पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची यादी. वाचता न येणाऱ्या मुलाजवळ रोज अर्धा तास बसणे हे त्याला कितीही वाटले तरी जमत नाही. त्यातच २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. वीसपेक्षा कमी पट कोणाचा असतो? वाडीचा, तांड्याचा, वस्तीचा. केंद्र सरकारच्या निपुण भारत योजनेने २०२१ साली लक्ष्य ठरविले की तिसरीअखेर मुलाने मिनिटाला निदान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत. लक्ष्य चांगले आहे. पण मिनिटाला साठ शब्द मोजणारा माणूस आणि ते शिकविणारा माणूस हे एकच असतील आणि त्याच्यापुढे दोन वर्ग असतील, तर मोजणे तेवढे होते.

कार्यकर्त्यांनी काय करावे, असे कोणी विचारील. मी काही योजना मांडू शकत नाही. आम्ही काय करतो तेवढे सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आमच्या वस्तीतल्या तीन बाया आता समितीवर आहेत. बैठकीत त्या रंगरंगोटीच्या खर्चाबरोबर एक प्रश्न दर वेळी विचारतात : तिसरीत किती पोरं आहेत आणि त्यांतली किती वाचतात, नावानिशी सांगा. पहिल्या बैठकीत गुरुजी रागावले. तिसऱ्या बैठकीत त्यांनी यादी करून आणली आणि म्हणाले, मलाही हे कोणी आजवर विचारले नव्हते.

रविवारी सकाळी विहारात माझ्या महाविद्यालयातली पाच-सहा मुले-मुली तिसरीच्या पोरांजवळ बसतात. दुसरीचे पुस्तक कुठेही उघडावयाचे आणि मुलाला वाचू द्यावयाचे. मध्ये बोट घालावयाचे नाही. मग त्याला घरातली एखादी गोष्ट सांगावयास लावावयाची, ती त्याच्याच बोलीत कागदावर लिहून द्यावयाची आणि त्यालाच वाचावयास सांगावयाची. पुस्तक अडखळत वाचणारे मूल स्वतःचे वाक्य पुष्कळदा सरळ वाचते. नंतर तेच वाक्य पुस्तकाच्या भाषेत खाली लिहावयाचे. ज्या मुलीने माझ्या पहिल्या तासाला निसर्गरम्य गाव लिहिले होते तीच हे काम उत्तम करते. जूनमध्ये अकरा मुले आली, चार वाचत होती. दिवाळीपर्यंत सात वाचू लागली. त्यांतली दोन आता टोळीबरोबर गेली आहेत. जाताना त्यांना एक कोरी वही दिली आहे. पावत्या मांडून ठेवा, असे सांगितले आहे.